काकांच्या सहीचा मान

९ जुलै २००३, बुधवार

आज माझीच मला लाज वाटली. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. ह्यांना सांगितलं तर रेडिओचा आवाज कमी करून म्हणतील, "तरी मी म्हणत होतो." ते ऐकण्यापेक्षा वही बरी.

कारखान्यातून आमचे तीन क्लेम परत आले. तिन्हींवर एकच शेरा: प्रमाणपत्र देणारे डॉक्टर योजनेत नोंदलेले नाहीत. खाली गोल शिक्का, म्हणजे वाद घालायची सोय नाही.

आमचं म्हणजे माई-निवासचं. सात खाटांचं घर आहे. ज्यांना मोठ्या दवाखान्यांनी "आता घरी न्या" म्हणून हात झटकले, त्यांचे शेवटचे दिवस कमी दुखण्यात जावेत म्हणून डॉक्टर नारायणराव काकांनी ते काढलं. माई म्हणजे त्यांची बायको. त्या इंदूरला एका दवाखान्याच्या व्हरांड्यात तळमळत गेल्या, आणि काका स्वतः डॉक्टर असून नुसते बघत बसले. त्यानंतर वर्षभरात हे घर उभं राहिलं, आणि काका इथेच एका खोलीत राहायला आले. तेव्हापासून इथली सगळी व्यवस्था मी बघते. कागद, किराणा, भांडणं, सगळं.

येणारे बहुतेक देवासच्या कारखान्यांतल्या घरचे. त्यांचा खर्च कारखान्याची वैद्यकीय योजना देते. अट एवढीच, की हा रोग आता बरा होणारा नाही, आता फक्त सुश्रूषा, असं डॉक्टरने लिहून सही करायची. आजवर काकांची सही म्हणजे ब्रह्मवाक्य होतं. एप्रिलपासून नियम बदलला. ज्या डॉक्टरने योजनेच्या कचेरीत स्वतः हजर राहून, फॉर्म भरून नाव नोंदवलंय, त्याचीच सही चालणार. पत्रक एप्रिलमध्येच आलं होतं. मी वाचलं, आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

का टाकलं? भीड, दुसरं काय! ज्या माणसाने मला आईच्या पोटातून बाहेर काढलं, माझ्या भावाच्या टायफॉइडमध्ये रात्री जागवल्या, बागलीपर्यंत सायकलवर जाऊन पेशंट बघितले, त्यांना मी म्हणू की काका, रांगेत उभे राहा, फोटो चिकटवा, आणि आपण डॉक्टर असल्याचा पुरावा दाखवा? जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत जुलै उजाडला. भीड ही भिकेची बहीण, असं आमची आई म्हणायची. आता बहिणी बहिणी दोघी दारात उभ्या आहेत.

१४ जुलै, सोमवार

नवी पेशंट आली. मालन. मूळची कुक्षीची, नवरा रघुजी इथे कारखान्यात फिटर आहे. वय काही फार नाही, चाळिशीच्या आतलंच. पोटातला कॅन्सर, आता सगळीकडे पसरलेला. अंगात काही राहिलं नाही, पण तोंड शाबूत आहे. आल्या आल्या मला म्हणाली, "ताई, खिडकीजवळची खाट द्या, मरायचंच आहे तर टेकडी बघत मरते." मी म्हटलं, "टेकडीवरच्या देवीचं दर्शन फुकटात हवंय होय?" तर हसली. हसताना पोट धरून हसते, दुखतं म्हणून.

काकांनी तिला तपासलं. काकांची पद्धत बघण्यासारखी आहे. काही विचारत नाहीत, आधी कपाळावर हात, मग गाल, मग हाताची बोटं एकेक करून. "बोल काहीतरी, मालन," म्हणाले. ती म्हणाली, "काय बोलू?" "झालं," काका म्हणाले, आणि नीतूला औषध सांगितलं. नीतू आमची नर्स. तिने बाटलीवरचं नाव नेहमीसारखं मोठ्यांदा वाचलं, मात्रा मोठ्यांदा वाचली, काकांनी मान डोलावली. जुन्या लोकांची शिस्तच वेगळी. हल्लीचे डॉक्टर तर कागदावरून डोकं वर काढत नाहीत.

प्रमाणपत्र मी लिहिलं. "सही कुठे, सुभे?" काकांनी विचारलं. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. ओळीच्या जरा वर गेली. पण सहीचा झोक अजून तसाच आहे, राजासारखा.

जाताना व्हरांड्याच्या पायरीवर काका अडखळले. पडले नाहीत, खांब धरला. नीतू पटकन दुसरीकडे बघायला लागली, मीही बघितलं. मोठ्या माणसाची फजिती टक लावून बघू नये, एवढं वळण आहे आम्हाला. पण ती पायरी आता नीट केलीच पाहिजे.

१८ जुलै, शुक्रवार

गवंडी आला. पायरीवर चढला, उतरला, पुन्हा चढला. म्हणाला, "बाईजी, पेड़ी तो बराबर हे." म्हटलं, तुला काय कळतंय, लाव सिमेंट. लावून घेतलं. पैसे देताना तो माझ्याकडे बघत होता, तसं लोक वेड्याकडे बघतात.

आज ठरवूनच गेले होते की काकांना सांगायचं. रोजच्यासारखा पेपर वाचून दाखवला. चष्मा आजही विसरले होते. मधेच मी म्हटलं, "काका, कारखान्याच्या योजनेत डॉक्टरांची नावं नोंदवून घेतायत म्हणे." काकांनी कपातला चहा बशीत ओतला, निम्मा मांडीवर सांडला. "असं का?" म्हणाले. मग म्हणाले, "टेकडीवर दिवे लागले का गं?" दिवसाउजेडी कुठले दिवे? त्यांना विषय नको होता. मी लगेच आवरतं घेतलं. अपमान झाला त्यांचा, दुसरं काय.

संध्याकाळी वीज गेली, नेहमीची कटौती. सगळे चाचपडतोय, मेणबत्ती सापडेना. काका मात्र अंधारात सरळ चालत मालनच्या खाटेपाशी गेले, तिचा हात हातात घेऊन बसले. नीतूला म्हटलं, "बघ, घर म्हणजे काय ते. डोळे मिटून चालतात." नीतू म्हणाली, "हाँ दीदी," आणि काय झालं कोण जाणे, तिचे डोळे भरून आले. पोर हळवी आहे.

२४ जुलै, गुरुवार

ट्रस्टची बैठक झाली. काका बैठकीला येत नाहीत, हिशोबाचा कंटाळा आहे म्हणतात. उदाजीराव अध्यक्ष आहेत. पूर्वी सरकारी नोकरीत होते, अजून बोलतात तसेच. म्हणाले, "सुभद्राबाई, क्लेम मंजूर झाल्याशिवाय पेशंट ठेवता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत. नंतर मालनबाईंना घरी पाठवा." मी म्हटलं, "अहो, ती मरतेय." ते म्हणाले, "म्हणूनच." त्यात "म्हणूनच" काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

एकाने विचारलं, "डॉक्टरसाहेबांना नाव नोंदवायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, "मी सांगते त्यांना." परत सगळ्यांसमोर तेच. सांगते, सांगते!

वॉर्डात आले तर मालनला कुणीतरी सांगून टाकलं होतं. तिने माझा पदर धरला. म्हणाली, "ताई, मला मरायची भीती नाही. आमची एकच खोली आहे. कोमल तिथेच झोपते. अकरा वर्षांची पोरगी आहे. मला रात्री ओरडायला होतं, औषध नसलं की. ती ऐकेल ना. जन्मभर ऐकत राहील. एवढं करा, तिला ऐकू येऊ देऊ नका." मी म्हटलं, "तू इथून कुठेही जात नाहीस." शब्द देऊन बसले.

२९ जुलै, मंगळवार

जे केलं ते लिहिते.

भोपाळ चौराह्याजवळ डॉक्टर भूपेंद्रांचा दवाखाना आहे. तरुण माणूस, योजनेत नाव नोंदवलेलं, बाहेर पाटीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच आहे. माणसं तर अशी भरलेली, की जत्रा. आमच्यातलेच आहेत ते, मराठे. पण शाळा हिंदीत झाली, त्यामुळे मराठी अशी, की ऐकून काकांना चक्कर यावी. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "अरे ताई, एवढी टेंशन कशाला घेते? काकासाहेबांनी देखलं ना पेशंटला? बस. त्यांच्यावर माझा पूरा भरोसा. कागद पाठवून द्या, मी साइन करून देईन."

"तुम्ही एकदा येऊन बघाल का तिला?" मी विचारलं. त्यांनी बाहेरच्या गर्दीकडे हात केला. "टाइम कुठे आहे, ताई?"

मी जास्त बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ते माई-निवासला आले असते, तर काकांना कळलं असतं.

सही घेतली. मालनला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि कागदावर लिहिलंय, मी तपासले आहे. रिक्षात बसल्यावर तो कागद पिशवीत अगदी तळाशी घातला. पण मालन राहील. काकांचा मान राहील. कुणाचं काय बिघडलं?

१२ ऑगस्ट, मंगळवार

क्लेम मंजूर! रघुजी पेढे घेऊन आला. बायको मरतेय, आणि हा माणूस पेढे वाटतोय, तिला इथे मरू देतायत म्हणून. मला तो पेढा गिळवेना.

त्यात आणखी एक. काकांना काही कळू नये म्हणून मी त्यांचीही सही घेते. नवं प्रमाणपत्र लागलं की लिहायचं, बोट ठेवायचं, काका सही करतात, आणि तो कागद मी कपाटात टाकते. भूपेंद्रांच्या सहीचा जातो. आज सही केल्यावर काकांनी विचारलं, "सुभे, चालते ना गं माझी सही अजून?" मी म्हटलं, "चालते म्हणजे काय काका, धावते!" दोघंही हसलो.

घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडले. ह्यांनी विचारलं तर कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. न्हाणीघरात कुणी कांदा चिरतं का? पण हे काही बोलले नाहीत. ह्यांचं हे एक बरं आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आजच्यासारखा दिवस शत्रूवर येऊ नये.

योजनेचे तपासणी साहेब आले, न सांगता. काका खोलीत आराम करत होते, देवाची कृपा. साहेब कागद घेऊन सरळ मालनच्या खाटेशी. "आपको कौन डॉक्टर देखते हैं?"

मी दारात. मालनने माझ्याकडे बघितलं. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं, कधीच नाही. पण मरणाऱ्या माणसाला सगळं कळतं की काय कोण जाणे, कदाचित माझ्या तोंडावरच लिहिलेलं असेल. साहेबांच्या हातातल्या कागदावर तिची नजर गेली. तिने विचारलं, "उसमें किनका नाम है, साब?"

"डॉक्टर भूपेंद्र."

"हाँ, वही," मालन म्हणाली. "वही आते हैं. लंबे-से हैं, चश्मा लगाते हैं. बहुत अच्छे हैं बिचारे."

भूपेंद्र बुटके आहेत. चष्मा लावत नाहीत. साहेब त्यांना ओळखतात, त्यांच्याच कचेरीत येऊन नोंदवलंय ना नाव. साहेबांनी पेन बंद केलं, खिशात अडकवलं. मला म्हणाले, "मरीज़ से झूठ बुलवाते हैं आप लोग?"

ते गेल्यावर मालन म्हणाली, "चुकलं का, ताई?" मी म्हटलं, "नाही गं, बरोबर सांगितलंस." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते आज कळलं. तिने आयुष्यात फार कुणाला फसवलं नसावं. साधी बाई. शेवटी शेवटी खोटं बोलली ती माझ्यासाठी.

२७ ऑगस्ट, बुधवार. पोळा

क्लेम रद्द. आधीची मंजुरीही मागे. उदाजीराव फोनवर एवढंच म्हणाले, "आता माझे हात बांधलेत."

मी म्हटलं, मालनला ठेवते, माझ्या पैशाने ठेवते. पण रघुजीच आला, हातगाडी घेऊन, गादी घालून. त्याला कारखान्यात बोलावून विचारलं होतं, तुझ्या बायकोच्या कागदावर खोटी सही कशी? त्याला तर कुठलीच सही माहीत नव्हती. मान खाली घालून म्हणाला, "आम्ही जातो, ताई. आमच्यामुळे तुमच्यावर बालंट नको." माझ्यावर बालंट! तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

मालनने जाताना टेकडीकडे एकदा बघितलं. मी दिलेला शब्द दोघींच्या मधे पडला होता, दोघीही त्याच्याकडे बघत नव्हतो.

काकांनी विचारलं, "मालनचा आवाज येत नाही आज?" मी सांगितलं, घरी गेली, सणाला.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. मोदक केले. ह्यांनी पाच खाल्ले. मी नैवेद्य दाखवताना देवाकडे बघितलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

मालनकडे गेले. कारखान्यांच्या मागची वस्ती, एका ओळीत खोल्या. नीतू रोज कामावरून सुटली की इथे येते, औषध देऊन जाते, असं शेजारणीकडून कळलं. मला तिने सांगितलं नव्हतं. का सांगेल?

बाहेर ओट्यावर एक मुलगी बसली होती. मांडीवर शाळेचं पुस्तक, आणि दोन्ही कानांत बोटं. डोळे घट्ट मिटलेले. ओठ हलत होते, काहीतरी पाठ म्हणत होती. हिंदीत, पाढे की कविता, ऐकू आलं नाही. कारण आतून मालनचा आवाज येत होता.

तो आवाज मी लिहू शकत नाही.

आत गेले नाही. हो, गेले नाही! पिशवीतली फळं ओट्यावर ठेवली. पोरीने डोळे उघडले, कानातली बोटं काढली नाहीत, फक्त मान हलवली, म्हणजे ठेवा. मी चालू लागले. सबंध रस्ता पायांखाली काय होतं ते मला आठवत नाही.

एवढं एकच मागितलं होतं तिने. खिडकी मागितली ती थट्टा होती. मागितलं होतं ते एवढंच.

आणि मी ते कशासाठी घालवलं? काकांना एक फॉर्म भरा म्हणायची लाज वाटली म्हणून. आधी वाटायचं, मी काकांचा मान राखतेय. आज वाटतं, मी माझाच राखत होते. नारायणराव काकांची सुभी, त्यांच्या मर्जीतली, त्यांना कधी न दुखवणारी. ती माझी मिरवायची जागा होती.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळीच काकांकडे गेले. पेपर वाचला नाही. सगळं सांगितलं: पत्रक, ड्रॉवर, भूपेंद्र, कपाटातले कागद, मालनचं खोटं, कोमलच्या कानांतली बोटं. रडत सांगितलं, नाक पुसत सांगितलं. वाटलं, काका उठून जातील, नाहीतर माझं तोंड बघणार नाही म्हणतील.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुभे, मी एप्रिलमध्येच गेलो होतो त्या कचेरीत."

मला कळेना.

"पत्रकाचं मला बाहेरून कळलं होतं. टेंपोत बसलो, एकटाच गेलो. पोरसवदा कारकून होता, चांगला होता, खुर्ची दिली. फॉर्म पुढे ठेवला, म्हणाला, दादा, यहाँ भर दीजिए, हमारे सामने भरना है. मी म्हटलं, चष्मा विसरलो. परत आलो, पुन्हा गेलो नाही."

"मग चष्मा घेऊन..." मी म्हटलं.

काका माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या जरा डावीकडे, खिडकीकडे. आणि सगळं एकदम माझ्या डोक्यात आदळलं. पेपर. चहा. "बोल काहीतरी." ओळीच्या वर गेलेली सही. अंधारात न अडखळणारे पाय. आणि ती पायरी, अरे देवा, ती पायरी! तिला मी सिमेंट लावलं!

"काचबिंदू," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. आता उजेड तेवढा कळतो. नीतूला माहीत आहे, ती माझे डोळे आहे. मला वाटलं, तुलाही कळलंय, आणि तू माझी लाज राखतेयस. बोट ठेवत होतीस ना सहीच्या जागी."

"मला काहीच कळलं नव्हतं, काका."

"आणि क्लेमचं म्हणशील, तर मला कळायला हवं होतं. नाव नोंदवलेलं नाही, तरी सह्या चालतात कशा? मला वाटलं, सुभीने काहीतरी सोय केली असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही." मग म्हणाले, "माईला तळमळताना बघितलं मी, आणि हे घर काढलं. आणि माझ्या डोळ्यांची लाज झाकायला एक बाई घरी जाऊन तळमळतेय. तुझी एकटीची लाज नाही ही, पोरी. निम्मी माझी आहे."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या डोक्यापर्यंत यायला जरा शोधावं लागलं त्यांना.

४ सप्टेंबर, गुरुवार

काका म्हणाले, "चल भूपेंद्रकडे." म्हटलं, मी त्यांना इथे बोलावते. "नको. मी जाणार." शर्टाची बटणं स्वतः लावली. एक वर-खाली झालं होतं. मी सांगितलं नाही. लगेच आठवलं, की हेच, हेच तर करत आले मी. "काका, बटण चुकलंय," म्हटलं. त्यांनी काढून परत लावलं.

भूपेंद्रांचा दवाखाना तसाच भरलेला. काका माझा दंड धरून आत गेले. गर्दीतल्या जुन्या लोकांनी ओळखलं, उठून उभे राहिले. भूपेंद्रही उठले, "अरे, काकासाहेब, तुम्ही? फोन करायचा ना, भिया..." घाबरलेच होते ते. त्यांना कचेरीतून ताकीद आली होती. पुन्हा असं झालं तर नाव काढू म्हणून.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "भूपेंद्र, मला डोळ्यांनी दिसत नाही. माझं नाव आता कुठे नोंदता येणार नाही, आणि नोंदूही नये. मी सही मागायला आलो नाही. पेशंट बघायला बोलवायला आलोय. तू बघ. तुला पटलं तर लिही, नाही पटलं तर नको लिहूस."

भूपेंद्रांची मान खाली गेली. "गलती माझी पण होती, काका," म्हणाले. "मी देखायला पाहिजे होतं." बाहेरच्या लोकांना म्हणाले, "आप लोग एक घंटा रुको." आणि स्टेथोस्कोप घेऊन निघाले. नीतूचा भाऊ कारखान्यात गाडी चालवतो, त्याच्या गाडीतून त्याच्यासकट चौघं गेलो.

ह्या वेळी मी आत गेले. भूपेंद्रांनी मालनला नीट तपासलं, घाई केली नाही. काका बाजूला बसून आजार कसा कसा वाढला ते सांगत होते, भूपेंद्र लिहून घेत होते. मालनने विचारलं, "हे कोण?"

"डॉक्टर भूपेंद्र," मी म्हटलं.

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. एवढ्या दुखण्यात तिच्या ओठांवर हसू आलं. "अगं बाई," म्हणाली. "मी साहेबांना तुम्हाला उंच करून सांगितलं होतं हो."

भूपेंद्र हसले नाहीत. त्यांनी तिचे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाले, "माफ करा, ताई."

तिथून ते सरळ योजनेच्या कचेरीत गेले. आधीची सही न बघता केली होती, ही बघून केलीय, असं लिहून दिलं. मी सोबत होते. माझंही लिहून दिलं. साहेब खूप बोलले. बोलू दिलं.

६ सप्टेंबर, शनिवार

मालन परत आली. खिडकीजवळची खाट. क्लेमचं अजून काही कळलं नाही, पण उदाजीरावांना मी सांगितलं, की ती आता इथून हलणार नाही, तुम्हाला काय करायचं ते करा. ते म्हणाले, "ठीक आहे." एवढंच! जुलैमध्ये हेच म्हटलं असतं तर? तेव्हा का नाही म्हटलं मी?

यापुढे नवे पेशंट भूपेंद्र येऊन बघणार, आठवड्यातून दोनदा. काका जवळ बसणार. भूपेंद्र म्हणतात, काका हात लावून जे सांगतात ते त्यांना मशीनवर पण कळत नाही. काकांना मराठीची चिंता लागलीय. कालपासून त्यांना "देखलं" नाही, "बघितलं" म्हण, असं शिकवतायत.

मी कपाटातले ते सगळे कागद काढले. काकांच्या सह्या. बंबात घातले.

१७ सप्टेंबर, बुधवार

मालन गेली. दुपारी. झोपेत होती, नीतू जवळ होती. काही दुखलं नाही तिला, परत आल्यापासून रात्री एकदाही ओरडली नाही. क्लेम कालच मंजूर होऊन आला होता. तिला सांगितला तेव्हा "बरं" म्हणाली आणि पाणी मागितलं.

कोमल आली. रडली नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि विचारलं, "मावशी, मम्मी यहाँ रात को रोती थी?"

"नाही गं," मी म्हटलं. "इथे नाही रडली."

माझ्या तोंडून ते "इथे" निसटलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिला कळलं. ओट्यावरचे ते दिवस तिच्या कानात राहणार आहेत. मालन म्हणाली होती तसेच, जन्मभर. ते माझ्याकडून परत घेता येणार नाहीत, कुठल्याही सहीने नाही. मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, हे तिचं मोठेपण.

रघुजी आणि वस्तीतली माणसं मालनला न्यायला आली. व्हरांड्यात सगळे उभे होते. उदाजीराव, भूपेंद्र, शेजारपाजारचे. काका खोलीतून निघाले, मालनच्या पायांना हात लावायला. भिंतीला बोटं लावून येत होते. पायरीपाशी पोचले. सगळ्यांनी नेहमीसारखं दुसरीकडे बघितलं.

मी पुढे झाले. "काका, पायरी," म्हटलं. मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काका थांबले. माझा दंड धरला.

"कुठे गं?"

"पुढेच. एकच आहे. खाली."